लेथखालच्या ट्रेमध्ये कीस आहे का?

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली. तिला टूल अँड डाय मेकर, म्हणजे कारखान्यातले साचे आणि हत्यारं बनवणारी, व्हायचंय. जवळचं एक छोटं आयटीआय कॉलेज बघून आलो. मुलं थोडीच, लेथ (धातू फिरवून कापायची मशीनं) जुने, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) एकच. घरचे म्हणतात, मार्क चांगले आहेत तर डिप्लोमाला घाला, हे काम मुलीचं नाही. काय करावं?
— एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, मुलीला आपणहून या कामाची ओढ लागली, हे वाचून मला फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी भोसरीतल्या टूलरूममध्ये झाली, तेव्हा तिथलंच सांगतो.

सीएनसी एकच आहे, याची काळजी सोडा. सुरुवातीला तिला व्हाइसपाशी (तुकडा घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यापाशी) उभं राहून कानस चालवायची आहे. माइल्ड स्टीलचा तुकडा घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. मुलं कंटाळतात, पण हात बसतो तो इथेच. पुढे ड्रॉइंगवर '२५ एच ७' असं येईल. म्हणजे भोक २५ मिमीपेक्षा जराही लहान नको आणि मोठं झालंच तर ०.०२१ मिमीपर्यंत. डोक्याचा केससुद्धा याहून जाड असतो.

शिवाय लेथवरून उतरवलेला गरम जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, लगेच मोजला तर माप चुकतं. १०० मिमी लांबीचं पोलाद १० अंशांनी तापलं की साधारण ०.०११ मिमी वाढतं, आणि साधा मायक्रोमीटर वाचतोच ०.०१ मिमीपर्यंत. ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसची असतात. आपल्याकडे मे महिन्यात शेड किती तापते ते तुम्ही जाणताच. म्हणून जॉब आणि मायक्रोमीटर सर्फेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) शेजारी शेजारी ठेवायचे, निवू द्यायचे, मग मोजायचं. या गोष्टी फळ्यावर शिकवून येत नाहीत, सर शेजारी उभे लागतात. मुलं थोडी आहेत, हे मी तरी चांगलंच धरेन.

तरी कॉलेज पारखून घ्या. चालू दिवशी, प्रॅक्टिकलच्या वेळेला पुन्हा जा. लेथखालच्या ट्रेमध्ये धातूचा कीस पडलेला दिसतो का? नवा रंग मारलेलं, तेलाचा डागही नसलेलं मशीन बहुधा बंदच असतं. मायक्रोमीटर मुलांच्या हातात आहेत की कपाटात कुलपात? दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलेले जॉब मागून बघा. एका लेथभोवती चार-पाच जण नुसते बघत उभे असतील, तर तिथे प्रवेश घेऊ नका.

कोर्सला केंद्र सरकारची (पूर्वी एनसीव्हीटीची म्हणत ती) मान्यता आहे का, हे कागदावर बघा. ती असेल तर दोन वर्षांनी अप्रेंटिसशिप करता येते किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. म्हणजे घरच्यांच्या मनातला डिप्लोमाही हातचा जात नाही. औंधच्या सरकारी आयटीआयचा पर्यायही अर्जात टाका.

राहिलं 'मुलीचं काम'. जड डाय उचलायला होइस्ट असतो. पंच (वरून दाबणारा भाग) आणि डाय (खालचा साचा) यांच्यातली फट सारखी ठेवायला लागते ती नजर आणि धीर, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक मला कधी दिसला नाही. कॉलेजात जाल तेव्हा तिला सोबत न्या. सरांना प्रश्न तिलाच विचारू द्या, आणि जमलं तर थोडा वेळ कानस तिच्या हातात द्यायला सांगा.