संग्रह पुरा होत आला आणि उमेद ओसरली

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. शाळेत असताना बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डे जमवण्यापासून माझ्या छंदाची सुरुवात झाली आणि नोकरी लागल्यावर हा नाद इंग्लंडमधील जुन्या सिगारेट-कार्डांपर्यंत, म्हणजे सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या चित्रकार्डांपर्यंत, पोहोचला. जॉन प्लेअर अँड सन्स या कंपनीचे १९३०, १९३४ आणि १९३८ सालचे क्रिकेटपटूंचे तिन्ही संच आता जवळजवळ पूर्ण आहेत. उरलेली मोजकी कार्डे इंटरनेटवर दिसतात, पण चांगल्या स्थितीतली घ्यावीत तर किंमत, टपालखर्च आणि आयातशुल्क मिळून रक्कम नकोशी होते. संग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटात हल्ली भावांखेरीज विषय नसतो. मुलाला यात रस नाही. अल्बम काढतो, दोन पाने उलटतो आणि ठेवून देतो. सगळे विकून टाकावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रात कार्डांबद्दल तक्रारीचा एकही शब्द नाही, तक्रार आहे ती किमतीची, टपालाची आणि गटातल्या गप्पांची. त्यामुळे छंद संपला असा निष्कर्ष काढण्याची घाई तुम्ही करू नये. इतकी वर्षे तुम्हाला गुंतवून ठेवले ते शोधाने. कोणत्या संचात कोण आहे, ते कार्ड कोणाकडे असेल, समोरचे अस्सल आहे की नंतरची पुनर्मुद्रित प्रत, हे ठरवण्यातच तुमचे अर्धे सुख होते. आज उरलेले प्रत्येक कार्ड पडद्यावर दिसते, त्याचा भाव दिसतो आणि तुमच्या वाट्याला फक्त पैसे भरण्याचे काम उरते. या कामाला कोणी किती काळ उत्साह पुरवावा?

भावांच्या चर्चेविषयी आधी थोडे. २०२० आणि २०२१ या टाळेबंदीच्या वर्षांत अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांचे भाव अचानक चढले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये टॉप्स कंपनीचे १९५२ सालचे मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. (याच संचाचा न खपलेला माल कंपनीने १९६० मध्ये समुद्रात बुडवला होता, हे गटातल्या मंडळींना अवश्य सांगावे.) त्या बाजाराशी तुमच्या संग्रहाचा संबंध फारच थोडा आहे. प्लेअर्सची कार्डे लाखांच्या संख्येने छापली गेली आणि ब्रिटनमध्ये घरोघरी जपली गेली, म्हणून त्यांतली बहुतेक आजही सामान्य माणसाला परवडतात. तेव्हा निदान पावसाळा संपेपर्यंत गट मूक करून ठेवावा आणि खरेदीही थांबवावी.

मग करायचे काय? जेफरसन बर्डिक यांचे उदाहरण मला येथे सर्वांत उपयोगी वाटते. अमेरिकेतील सिराक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणाऱ्या या गृहस्थांनी तीन लाखांहून अधिक कार्डे आणि तत्सम छापील कागद जमवले, आणि त्यांचे वर्गीकरण करणारी सूची तयार केली. संग्राहक ज्या अमेरिकन संचाला आजही 'टी २०६' म्हणतात, ते नाव याच सूचीतले. हा सगळा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला आणि पुढची कितीतरी वर्षे संधिवाताने आखडलेल्या बोटांनी तेथे बसून तो अल्बमांत लावत राहिले. ते काम १९६३ च्या जानेवारीत संपले आणि मार्चमध्ये ते वारले. आजच्या विक्रेत्याच्या दृष्टीने त्यांनी कार्डे खळीने चिकटवून त्यांची किंमत मातीमोल केली. बर्डिक यांना त्या किमतीचे सोयरसुतकच नव्हते. जमवण्याचा जोर ओसरल्यावर लावणे, नोंदवणे आणि समजून घेणे यांत माणूस किती काळ रमू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

तुमच्यासाठी पहिले काम ठाण्याच्या हवेनेच ठरवून दिले आहे. १९३८ च्या संचातील कार्डांच्या पाठीला डिंक लावलेला आहे, कारण ती एका पेनीला मिळणाऱ्या अल्बमात चिकटवावीत अशी कंपनीची योजना होती. खाडीच्या काठच्या या शहरात जुलैमध्ये पापडसुद्धा मऊ पडतो, तेथे हा डिंक ओल धरतो आणि एकावर एक रचलेली कार्डे परस्परांना धरून बसतात. ती कधीही ओढून सोडवू नयेत. कोरड्या दिवशी प्रत्येक कार्ड उजेडात तिरके धरून पाहावे. तपकिरी ठिपके, कडेला कसरीने कुरतडल्याच्या खुणा किंवा चिकटपणा आढळला, तर क्रमांकासह लिहून ठेवावे. पीव्हीसीची पाकिटे कालांतराने चिकट होतात, म्हणून ती बदलून पॉलिएस्टरची घ्यावीत आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. लॅमिनेशनचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

ही तपासणी करताना कार्डे हातात येतील आणि बहुधा प्रथमच त्यांच्या पाठी शांतपणे वाचल्या जातील. तेथून एखादा लहान विषय निवडावा. माझ्या मते तुमच्या संग्रहात तो तयारच आहे. विल्स कंपनीच्या कार्डांवर रणजितसिंहजी आहेत, तुमच्या १९३० च्या संचात दुलीपसिंहजी आहेत आणि त्यांच्यामागून पतौडीचे थोरले नवाब इफ्तिखार अली खान येतात. तिघेही इंग्लंडकडून खेळले आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपापल्या पहिल्याच कसोटीत तिघांनीही शतक ठोकले : रणजींनी १८९६ मध्ये मँचेस्टरला नाबाद १५४, दुलीपांनी १९३० मध्ये लॉर्ड्सवर १७३ आणि पतौडींनी १९३२ मध्ये सिडनीला १०२. कार्डाच्या साधारण ३६ बाय ६८ मिलिमीटरच्या तुकड्यावर सिगारेटच्या कंपनीने या हिंदी राजपुत्रांची ओळख ब्रिटिश गिऱ्हाइकाला कोणत्या शब्दांत करून दिली, नावाआधी कोणती उपाधी लावली, काय गाळले, हे ताडून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी एखादे कार्ड विकत घ्यावे लागले तर खुशाल घ्यावे. त्या खरेदीमागे प्रश्न असेल.

आणि बिग फनची कार्डे कोठे आहेत? ज्यांच्या मागे धावा आणि विकेट छापलेल्या असत आणि ठरावीक धावा-विकेट जमल्या की फ्लिपबुक मिळे, त्या कार्डांसाठी आपल्या पिढीने दात किडवून घेतले. प्लेअर्सच्या संचांची यादी कोणत्याही सूचीत मिळते. या कार्डांची यादी मात्र आपल्याकडच्या माणसांनीच करण्यासारखी आहे. कोणत्या खेळाडूचे कोणते छायाचित्र, पाठीवर किती धावा, छपाईत काय फरक, हे सारे जुन्या सोसायट्यांच्या माळ्यांवरील पत्र्याच्या पेट्यांत आणि पन्नाशीतल्या माणसांच्या आठवणीत विखुरलेले आहे. त्यासाठी नौपाड्यातून घोडबंदर रस्त्यापर्यंत गेले तरी पुरे. आयातशुल्क लागत नाही. शोधाची जी चव तुम्ही हरवली आहे, ती येथे मिळण्याची शक्यता मला अधिक वाटते.

विक्रीबद्दल सांगायचे, तर दुबार कार्डे आणि ज्यांच्याकडे पाहून काहीच वाटत नाही अशी कार्डे आजच विकावीत. त्यात गैर काही नाही. बाकीच्यांचा निर्णय नोंदवही पूर्ण झाल्यावर घ्यावा, कारण नीट नोंद असलेला संग्रह विकायलाही सोपा जातो. मुलाकडून रसाची अपेक्षा ठेवू नये. कोणते काय आहे आणि कोणाकडे द्यायचे, एवढे त्याला लिहून ठेवावे.

प्रश्न : आमच्या ह्यांना क्रिकेटपटूंची जुनी कार्डे जमवण्याचे वेड आहे, पण वर्षभरात त्यांनी डबा उघडलेला नाही. त्यांच्या साठीला एखादे महागडे कार्ड आणून द्यावे असे मनात आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : ताई, कार्ड आणू नये. पुनर्मुद्रित प्रती अस्सल म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत, आणि अस्सल मिळाले तरी ते यजमानांकडे आधीच असण्याचा संभव मोठा. चांगल्या प्रतीची पाकिटे, एक भिंग आणि जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणावी. शक्य असल्यास एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्याबरोबर बसून ते सांगतील तसे नोंदवहीत उतरवून घ्यावे. पहिल्या वीस-पंचवीस नोंदींनंतर तुम्हाला कंटाळा आला तर उठून जाण्याची मोकळीक मात्र आधीच मागून ठेवावी.