‘माझ्यावर जाहिरातीचा परिणाम होत नाही’: वाचकांचे प्रश्न

शीर्षकातलं वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं आणि त्याच्या खालीच नको त्या खरेदीची हळहळही असते. म्हणून या वेळी त्यातलेच काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी टीव्ही पाहत नाही, मोबाइलवर ॲड-ब्लॉकर आहे. मग मी सुटलो ना?

नाही. शोधयादीत काय वर दिसतं आणि दुकानात डोळ्यांसमोरच्या फळीवर काय मांडलंय, हे ब्लॉकरला कळत नाही.

प्रश्न : पडद्यावर क्षणभर छुपे संदेश दाखवून मन वळवतात, असं ऐकलं. खरं आहे?

ऐकीव गोष्ट! जेम्स विकरी या अमेरिकन माणसाने १९५७ मध्ये चित्रपटगृहात असा प्रयोग केल्याचा दावा केला आणि १९६२ मध्ये ती निव्वळ क्लृप्ती होती, हे स्वतःच कबूल केलं. छुप्याची धास्ती घेणारी माणसं उघड जाहिरातीपुढे मात्र निर्धास्त असतात.

प्रश्न : सेलमध्ये निम्म्या किमतीत वस्तू घेतली. घरचे म्हणतात, फसलीस. कोण बरोबर?

निम्मी कशाच्या, ते आधी सांगा. ट्वर्स्की आणि काहनेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं. ते गुपचूप १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्य २५, तर ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी अंदाज त्या आकड्याकडे ओढला गेला. खोडलेली किंमत हेच काम करते, आणि इथे तर आकडा विक्रेताच निवडतो. त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली होती का, हे कुणी विचारत नाही. शेजारी ‘फक्त दहा मिनिटं शिल्लक’ असं घड्याळ पळत असतं. पान बंद करून पुन्हा उघडा. काही ठिकाणी ते बिनदिक्कत पुन्हा दहापासून सुरू होतं. सगळेच सेल खोटे नसतात, हेही खरं. म्हणून आपण जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा किंमत पाहण्याआधी कागदावर लिहा. रक्कम मोठी असेल किंवा हप्ते पडणार असतील, तर ज्याला त्या विक्रीतून काही मिळणार नाही अशा जाणकाराला आधी विचारा.

प्रश्न : या युक्त्या शिकून घेतल्या तर प्रभाव थांबेल?

कमी होईल, थांबणार नाही. नुसतं वारंवार दिसल्यानेही गोष्ट आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ झायोंक यांनी १९६८ मध्येच दाखवलं. मन वळलं तरी लगेच पैसे न देणं, एवढं आपल्या हातात उरतं.

प्रश्न : मोफत चाचणी संपली आणि दर महिन्याला पैसे कापले जाताहेत. रद्द करायचं बटण सापडत नाही. थोडं थांबून पाहू?

कशासाठी? आजच लेखी कळवा, स्क्रीनशॉट ठेवा, बँकेला सांगा. दाद मिळाली नाही, तर ग्राहक मार्गदर्शन केंद्रात जा.

प्रश्न : वडिलांची खरेदी थांबत नाही. खोकी न उघडताच पडून आहेत, कर्जही झालंय.

याला जाहिरातींचा दोष म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, कर्जासाठी सल्लागार वेगळा गाठा. वडील कंपवातावर औषध घेत असतील, तर ते आधी सांगा. त्यातल्या काही औषधांनी खरेदीचा अनावर सोस लागू शकतो. औषध मात्र परस्पर बंद करू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, याच आठवड्यात.