ऑरोरा खटला: डॉक्टरला संशय होता, मग बंदुका मिळाल्या कशा?

तुमचे प्रश्न दोन. ऑरोराच्या सिनेमागृहात गोळीबार करणाऱ्या होम्सवर मनोविकारतज्ज्ञाचे उपचार चालू होते, तरी त्याला बंदुका कशा मिळाल्या? आणि तो आजारी होता, तर दोषी कसा ठरला? तीस वर्षं याच व्यवसायात काढली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा जास्त लिहितो.

२० जुलै २०१२ ला मध्यरात्रीनंतर लगेच कोलोराडोतल्या ऑरोरा इथे जेम्स होम्सने सिनेमागृहात १२ जणांना मारलं. सगळी शस्त्रं त्याने कायदेशीर विकत घेतली होती. अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना भरायच्या फॉर्मवर मनाबद्दलचा प्रश्न असतो, पण तो एवढाच: कोर्टाने किंवा तशा अधिकाऱ्याने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का, किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलंय का? हा १९६८ च्या केंद्रीय कायद्याचा निकष. आपणहून डॉक्टरकडे जाणारा त्यात बसतच नाही. (बसावा असंही मला वाटत नाही. तसं झालं तर बंदूक बाळगणारा कुणी आमची पायरीच चढणार नाही.)

आता होम्सवर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ, डॉ. लिन फेंटन. होम्स त्यांच्याच विद्यापीठात मेंदूविज्ञानात पीएचडी करत होता. माणसं मारण्याचे विचार दिवसातून तीन-चार वेळा येतात, हे त्याने त्यांना सांगितलं होतं. कुणाला, कुठे, कधी, हे मात्र कधीच नाही. पहिलं पिस्तूल २२ मे ला घेतलं, तेही लपवलं. ११ जूनला तो शेवटचा आला आणि उठून गेला. फेंटन हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. सहकाऱ्याशी बोलल्या, कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्याच्या आईला फोन केला. ७२ तास सक्तीने रुग्णालयात ठेवून घेण्याचाही विचार झाला, पण त्यासाठी धोका अगदी समोर उभा असावा लागतो, नुसता विचार पुरत नाही. असे विचार बोलून दाखवणारे पेशंट मी कितीतरी पाहिलेत. बहुतेक जण त्या विचारांनाच घाबरून आलेले असतात. मागाहून सगळ्यांनाच सगळं स्पष्ट दिसतं.

'इशारा देण्याचं कर्तव्य', म्हणजे पेशंटपासून ज्याला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी डॉक्टरने सावध करणं, ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या टॅरासॉफ खटल्यातून आली (१९७६). त्यातला मारेकरी प्रोसेनजित पोद्दार हा भारतातून बर्कलीला शिकायला गेलेला विद्यार्थी. पण तिथे एक ठरावीक मुलगी धोक्यात होती. कोलोराडोच्या तेव्हाच्या कायद्यालाही ठरावीक व्यक्तीच लागायची. होम्सच्या बोलण्यात नाव नव्हतंच, मग फेंटन यांनी इशारा द्यायचा तरी कुणाला?

दुसरा प्रश्न. २०१५ च्या खटल्यात गंभीर मनोविकार आहे यावर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचं दुमत नव्हतं. वाद होता तो कृत्य चूक आहे हे त्याला कळत होतं का, एवढाच. कोर्टाने नेमलेले दोघे मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, कळत होतं. बचाव पक्षाचे म्हणाले, नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली (जुनं ८४) वेडसरपणा सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो. कोलोराडोत उलटं: एकदा तसा पुरावा पुढे आला की आरोपी शुद्धीत होता, हे सरकारी पक्षाने संशयापलीकडे सिद्ध करायचं. तरीही ज्युरीने सगळ्या आरोपांत दोषी धरलं. कित्येक आठवड्यांची तयारी, घरात लावलेले स्फोटक सापळे, वहीतले बेत... ती वही त्याने हल्ल्याच्या काही तास आधी फेंटन यांनाच पोस्टाने पाठवली होती. शिक्षेच्या टप्प्यावर मात्र आजाराचं वजन पडलं. फाशीवर एकमत झालं नाही आणि १२ जन्मठेपा झाल्या.

हल्ल्यानंतर कायदा बदलला, पण रखडत. २०१४ मध्ये ठरावीक व्यक्तीच्या जोडीला ठरावीक जागेचा धोकाही आला. २०१९ मध्ये कोर्टाकडून एखाद्याची शस्त्रं काढून घेण्याची आणि नवी घ्यायला मनाई करण्याची सोय झाली, तीही फक्त नातेवाईक, घरातली माणसं आणि पोलीस यांच्या अर्जावर. डॉक्टरला स्वतः अर्ज करता येऊ लागला तो २०२३ पासून. म्हणजे २०१२ च्या जूनमध्ये फेंटन यांच्यापुढे ७२ तासांची सक्ती किंवा पेशंटला जाऊ देणं, एवढे दोनच मार्ग होते. त्यांच्यावर फौजदारी गुन्हा का नाही, असं तुम्ही शेवटी विचारलंय. कोणत्या कलमाखाली लावणार?