जुन्या जीपला रुंद पाटे बसतील का?

प्रश्न: माझ्याकडे जुनी सीजे-३बी जीप आहे, पाटे (लीफ स्प्रिंग) पावणेदोन इंच रुंद. रँग्लर वायजे या नंतरच्या जीपचे अडीच इंची टाकू का, आणि पाटे आवळून धरणारे नुसते यू-बोल्ट बदलून भागेल का?

उत्तर: टाका की, पण नुसत्या यू-बोल्टवर नाही भागणार! वायजेचे पाटे लांबही आहेत, त्यामुळे हँगर (पाटा चासीला धरणारा ब्रॅकेट), शॅकल (पाट्याच्या टोकाचा हलता दुवा) आणि अॅक्सलवरची बैठक सगळंच नवं करावं लागतं. रुंदीने गाडी बाजूला कमी डुलते, पण लांबी, जाडी, पानं तेवढीच ठेवून रुंदी वाढवली तर पाटा साधारण ४३ टक्के कडक होतो, म्हणून हलक्या गाडीला एखादं पान काढून बघा. आणि प्लीज, बैठक आधी नुसता वेल्डिंगचा कच्चा टाका मारून ठेवा, गाडी चाकांवर उतरवून पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचा) अँगल बघा, मगच पक्कं वेल्डिंग, इथे घाई केली की प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) थरथरतो. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना तेही बघा.