शेततळ्याची दरपत्रके ताडून पाहताना

शेततळ्यासाठी आलेल्या तिन्ही ठेकेदारांच्या दरपत्रकांतील शेवटचा आकडा आधी झाकून ठेवा आणि खोदाईचा दर घनमीटरवर आहे की जेसीबीच्या तासावर, हे पाहा. तासाचा दर स्वस्त भासतो, पण खाली कठीण मुरूम लागला की घड्याळ चालूच राहते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून बाजूंचा उतार दीडास एक (दीड आडवे, एक उभे) मागा. अस्तराचा प्लास्टिक कागद ५०० मायक्रॉनचा, आयएस १५३५१ (अशा अस्तराचे भारतीय मानक) प्रमाणित असल्याचे लिहून घ्या. माझ्या ठेकेदाराने टोकदार गोटे न वेचताच कागद अंथरला आणि हरभऱ्याचे पाणी एका बोटभर छिद्रातून गेले. पंप शेवटी, पाणी किती उंच उचलायचे ते मोजल्यावर ठरवा. तळे भरून १५ दिवस टिकेपर्यंत थोडी रक्कम मात्र राखून ठेवा.