पहिली चिप करताना

अरे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये द्रव बघायला तू दोन चिपांमध्ये पाण्याचा पातळ थर कोंडणार आहेस, पण पहिल्याच चिपमध्ये तो वाहता ठेवायचा, इलेक्ट्रोड बसवायचे, हे सध्या डोक्यातून काढ. आधी न फुटणारी खिडकी जमव. ती जमली की अर्धं काम झालं.

खिडकी म्हणजे चिपमधला, इलेक्ट्रॉन आरपार जाऊ देणारा सिलिकॉन नायट्राइडचा जेमतेम ५० नॅनोमीटर जाडीचा पडदा. सगळे नवखे ती मोठी करतात, जास्त दिसेल म्हणून. मायक्रोस्कोपच्या निर्वातात ती फुग्यासारखी फुगते, पाण्याचा थर जाड होतो आणि चित्र धूसर येतं. रुंदी ५० मायक्रॉनच्या आत ठेव, लांबी वाढव.

मास्कचं, म्हणजे मागून कुठलं सिलिकॉन उघडं ठेवायचं त्या साच्याचं, गणित आधी कागदावर कर. पडद्यामागचं सिलिकॉन पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं काढायचं, पण ते सिलिकॉन सरळ खात नाही, ५४.७ अंशांच्या उतारानं खातं. म्हणून ३०० मायक्रॉन जाडीच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) ५० मायक्रॉनची खिडकी हवी, तर मागचं तोंड सुमारे ४७५ मायक्रॉनचं लागतं. ८० अंश सेल्सियसला मिनिटाला साधारण एक मायक्रॉन, म्हणजे पाचेक तास. गॉगल आणि हातमोजे घालूनच बस, घाई करू नकोस.

आता हे जपायचं:
- धुताना पाण्याची धार पडद्यावर नको. चिप उभी धरून हळूच बुडव. माझ्या पहिल्या कितीतरी चिपा नायट्रोजनच्या झोतानंच गेल्या.
- धूळ! नागपुरात मे महिन्यात ती कुठूनही शिरते. दोन चिपांमध्ये एक कण अडकला तरी फट वाढते. जोडण्याआधी दोन्ही बाजू साध्या, प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली बघच.
- होल्डर (चिपा धरून मायक्रोस्कोपमध्ये सरकवायचा दांडा) आधी बाहेरच्या निर्वात पंपावर तपास. गळकी चिप मायक्रोस्कोपमध्ये कधीच घालायची नाही.

पहिल्यांदा नुसतं पाणी आणि सोन्याचे कण घे. कण हलताना दिसले की मला लगेच कळव.