वाचकांचे प्रश्न : कथेतला, पडद्यावरचा आणि बातमीतला प्रसंग

प्रश्न : मी कथा लिहितो आणि एका दैनिकासाठी तालुक्यातील बातम्याही देतो. पुराच्या वृत्तान्तात मी 'पडक्या घराकडे पाहताना त्या आजींच्या डोळ्यांसमोर सारा संसार तरळून गेला' असे लिहिले. संपादकांनी ते वाक्य काढले. वृत्तान्त प्रसंगातून उभा करा, असे मात्र तेच सांगतात. यात विसंगती नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : विसंगती नाही. एखादी घटना थोडक्यात सांगून टाकणे हे निवेदन आणि तीच घटना ठरावीक जागी, ठरावीक वेळी, माणसांच्या हालचालींतून वाचकासमोर घडू देणे हा प्रसंग. इथवर कथा, चित्रपट आणि बातमी यांची वाट एकच आहे. ती फुटते माणसाच्या मनात शिरण्याच्या अधिकारापाशी.

कथाकाराला हा अधिकार मुळातच असतो. चित्रपटात मन दिसावे लागते किंवा ऐकू यावे लागते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (1955) मुलगी वारल्याचे ठाऊक नसलेला हरिहर घरी परततो आणि तिच्यासाठी आणलेली साडी पत्नी सर्वजयाला दाखवतो. सर्वजयाचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचे सूर येतात. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (2013) डुक्कर पकडण्याच्या ऐन धांदलीत शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि नायक जब्याचे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते. त्या क्षणाची घालमेल सांगायला एकही संवाद लागत नाही; कशानंतर काय यावे, एवढ्या मांडणीतूनच ती पोहोचते, आणि पटकथा लिहिणाऱ्याचे खरे काम हेच आहे असे मी मानतो.

वार्ताहराला मात्र हा अधिकार विचारून मिळवावा लागतो. अमेरिकी पत्रकार जॉन हर्सी यांचा हिरोशिमावरील वृत्तान्त 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाने 31 ऑगस्ट 1946 च्या अंकात प्रसिद्ध केला. बाँबस्फोटाच्या क्षणी एक कारकून तरुणी कार्यालयातल्या आपल्या जागेवर नुकतीच बसली होती आणि शेजारच्या मुलीशी बोलण्यासाठी मान वळवत होती, अशी त्याची सुरुवात आहे. हर्सी तेव्हा तिथे नव्हते. बाँबस्फोटाच्या पुढच्या वर्षी, 1946 मध्येच, हिरोशिमाला जाऊन त्यांनी वाचलेल्या माणसांना त्या सकाळविषयी विचारले आणि त्यांपैकी सहा जणांच्या अनुभवांतून वृत्तान्त उभा केला. मान वळवण्याइतका बारीक तपशील अशा विचारपूस करण्यातूनच हाती लागतो. याउलट, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिणाऱ्या 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या वार्ताहराला 1981 मध्ये पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक परत करावे लागले, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता.

तुमच्या वाक्याचा दोष एवढ्यावर संपत नाही. ते कोणत्याही पुरातल्या कोणत्याही आजींना लागू पडेल, म्हणून कथेतही ते दुबळेच ठरले असते. पाणी प्रथम कुठून शिरले, घर सोडताना त्यांनी काय उचलले, काय राहून गेले, हे त्यांच्याजवळ बसून विचारा. आपल्या मनात काय आले ते त्यांनी सांगितले, तर ते त्यांच्याच शब्दांत, 'त्या म्हणाल्या' असे नमूद करून द्या. त्यांना बोलायचे नसेल तर आग्रह धरू नका. भिंतीवर पाण्याची खूण किती उंचीवर आहे, हे तुम्हाला स्वतः मोजता येईल.

प्रश्न : पटकथेत एक प्रसंग किती लांब असावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ठरावीक माप नाही. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर आत की बाहेर, स्थळ आणि दिवस की रात्र एवढे लिहावे. नवोदितांच्या पटकथांत पात्रे दार उघडतात, नमस्कार करतात, चहा घेतात आणि मग मुद्द्यावर येतात. तो सारा भाग गाळून पाहावा आणि प्रसंग तरीही कळतो का, हे दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देऊन तपासावे.